मोले, नेत्रावळी, खोतीगाव: इलेक्ट्रिक पिकअपने चार दिवस

अमेरिकेत शिकारीच्या हंगामात इलेक्ट्रिक पिकअप रानात नेतात. इंजिनाचा आवाज नसतो आणि हौद्यातल्या सॉकेटवर फ्रीज, दिवे, सगळं चालतं, ही त्यामागची कारणं. २०२२ मध्ये तिथे बाजारात आलेल्या फोर्ड एफ-१५० लाइटनिंगची बॅटरी ९८ किंवा १३१ युनिटची. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे, आणि ती बंदच राहायला हवी. या कायद्यात शिकार म्हणजे नुसतं मारणं नाही. फासकी लावणं, हाकारा घालून जनावर पिटाळणं, आमिष टाकणं आणि यातल्या कशाचाही प्रयत्न करणं, हे सगळं शिकारच. त्यामुळे गवा जवळ यावा म्हणून मीठ किंवा चारा टाकून बसणारा फोटोवालाही कायद्याच्या कचाट्यात सापडू शकतो. खाली दिलेला गोव्यातल्या अभयारण्यांचा प्रवास फक्त पाहण्याचा आहे, पण तयारी जुन्या शिकाऱ्याच्या तोडीचीच लागते.

हिशेबाला धरलेली गाडी टाटा एस ईव्ही, २०२२ मध्ये आलेली छोटी मालवाहू. बॅटरी २१.३ युनिट, मोटर २७ किलोवॅट, टॉर्क १३० न्यूटन-मीटर. कागदावरची रेंज १५४ किलोमीटर. गोव्याच्या चढउतारांच्या रस्त्यांवर दीडशे किलो सामान घेऊन किलोमीटरमागे १७० ते १८० वॅट-तास धरावेत, म्हणजे पूर्ण चार्जवर ११८ ते १२५ किलोमीटर. त्यातली २० टक्के, म्हणजे सव्वाचार युनिट, कधीच हिशेबात घ्यायची नाहीत. वाट चुकली, पूल बंद असला, सॉकेट चालला नाही, तर तेवढ्यावर वीस-चोवीस किलोमीटर निघतात.

नकाशावर रेंजची वर्तुळं काढत बसण्यापेक्षा रोज रात्री गाडी कुठल्या सॉकेटला लागणार हे आधी ठरवा. या प्रवासात कुठल्याच दिवशी ऐंशी किलोमीटरच्या वर जायचं नाही, त्यामुळे रेंज कमी पडत नाही. कमी पडतं ते अर्थिंग.

निघण्याआधी

सामान मोजून घ्यावं. पिण्याचं पाणी ४० लिटर, २५ लिटरची बर्फपेटी, ताडपत्री, मळकट हिरवं जाळं, दोन घडीच्या खुर्च्या, तिपाई, १२ व्होल्टचा हवा भरायचा पंप, जॅक, स्टेपनी, २० मीटर दोरखंड. जड वस्तू मागच्या चाकांच्या आसाच्या थोड्या पुढे ठेवायच्या. सगळं वजन फाळक्याकडे गेलं की चढावर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग सैल लागतं. हौदा पूर्ण रिकामाही नको. मागच्या चाकांवर चालणारी गाडी वजनाशिवाय सुक्या पाल्यावर आणि जांभ्याच्या खड्यांवर जागच्या जागी फिरते. टॉर्क पहिल्या क्षणापासून पूर्ण मिळतो, म्हणून पेडल पायाच्या बोटांनी दाबायचं. हौद्यात माणसं बसवायची नाहीत. केबिनमध्ये दोघं, बस्स.

कोयता, गलोल, एअरगन यातलं काहीही गाडीत नको. शस्त्र घेऊन अभयारण्यात शिरायला वेगळी परवानगी लागते. शिवाय मालवाहू गाडी गेटवर दिसली की वनरक्षक हौदा उघडायला लावणारच, आणि तो ते बरोबरच करतो. सामान एका नजरेत दिसेल असं मांडून, वर फक्त जाळं टाकलेलं असलं की तपासणी दोन मिनिटांत उरकते. आतल्या रस्त्यांवर मालवाहू गाडी सोडतात की नाही हे परिक्षेत्र वनाधिकाऱ्यांच्या कार्यालयात आधी विचारून घ्यावं. नकार आला तर गाडी गेटवर लावून पुढे चालत जायची तयारी ठेवावी.

चार्जिंगची पेटी वेगळी. गाडीबरोबर आलेली केबल, फेज-न्यूट्रल-अर्थ तिन्ही तपासता येईल असा मल्टिमीटर, कोरडा रंगाचा ब्रश आणि २५ मीटरचं एक्स्टेंशन. एक्स्टेंशनची तार २.५ चौरस मिलिमीटर तांब्याचीच हवी, दोन्ही टोकांना १६ अँपिअरची जाड पिन. १३ अँपिअरवर या तारेत जेमतेम पाच व्होल्ट पडतात. दुकानात मिळणारं १ चौरस मिलिमीटरचं लावलं तर बारा व्होल्ट पडतात आणि तारेत दीडशे वॅट उष्णता तयार होते. तीच तार रिळावर गुंडाळलेली राहिली तर ती उष्णता बाहेर जात नाही आणि आतलं वेष्टन वितळतं. म्हणून जाड असो की बारीक, रीळ पूर्ण उलगडायचं.

दिवस पहिला: फोंडा, बोंडला, मोले

फोंड्याहून १०० टक्के चार्ज करून सकाळी निघायचं. बॅटरी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची असली तर तिला आठवड्यातून एकदा पूर्ण १०० वर नेणं गरजेचं असतं. या प्रकारात मधल्या टप्प्यात व्होल्टेज जवळजवळ बदलतच नाही, त्यामुळे पडद्यावरच्या टक्क्यांचा अंदाज हळूहळू चुकत जातो आणि १०० ला गेल्यावरच सुधारतो. बरेच दिवस अर्ध्यावर चार्ज करून फिरलेली गाडी २५ वरून एकदम १४ दाखवते. रानात असं दिसलं तर जीव घाबरा होतो.

उसगावमार्गे बोंडला वीसेक किलोमीटर. गुरुवारी बंद असतं, त्यामुळे वार बघूनच बेत आखावा. अभयारण्य अवघं ८ चौरस किलोमीटरचं, पण पक्ष्यांसाठी पहिली सकाळ इथेच घालवावी. मलबारी धनेश, शेकरू, आणि नशीब असेल तर बेडूकमुख्या, हा दिवसा फांदीवर सुक्या पानासारखा चिकटून बसलेला असतो. इथल्या माकडांना ताडपत्रीखालचं खाणं कळतं. बर्फपेटीला कडी हवी, आणि बिस्किटाचा पुडाही उघड्या हौद्यात ठेवू नये.

बोंडल्याहून खाली हमरस्त्याला लागून धारबांदोड्यावरून मोले. दिवसभराचे ४५ किलोमीटर होतात, आठ युनिट जातात, काटा ६३ च्या आसपास येतो. गाडीचा वेग साठच्या आतच असतो, तेव्हा हमरस्त्यावर डावी कड सोडायची नाही. अनमोड घाट चढायचा मोह झाला तर एवढं लक्षात ठेवा: सोळाशे किलोची गाडी शंभर मीटर वर न्यायला नेहमीच्या खर्चाशिवाय अर्धा युनिट लागतो. पाचशे मीटर चढलात तर अडीच युनिट. उतरताना त्यातले निम्मे ते साठ टक्केच परत येतात, तेही बॅटरी भरलेली नसेल तर. घाटाच्या माथ्यावर १०० टक्के चार्ज करून खाली निघालं की रीजनला, म्हणजे उतारावर गाडी धरून वीज बॅटरीत परत भरण्याला, जागाच नसते, गाडी धरत नाही आणि सगळा भार ब्रेकच्या लायनरवर येतो. माथ्यावर मुक्काम असेल तर ९० वर थांबवावं.

मोल्याला सॉकेट मिळाला की केबल लगेच लावायची नाही. आधी मीटर. फेज ते न्यूट्रल २२० ते २३५, फेज ते अर्थ जवळजवळ तेवढंच, न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. हे जुळलं की लावायचं. अर्ध्या तासाने प्लगच्या पाठीला हाताची मागची बाजू लावून बघायची. कोमट चालेल. हात ठेववत नसेल तर सॉकेटची पात सैल आहे, दुसरा बोर्ड शोधा. एसी किंवा गिझरसाठी बसवलेला बोर्ड सगळ्यांत चांगला, कारण त्याची तार बहुधा जाड असते. आठ युनिट बॅटरीत जायला भिंतीतून नऊ ओढले जातात, बाकीचे चार्जरच्या उष्णतेत जातात. साडेतीन तास धरा.

दिवस दुसरा: तांबडी सुर्ला, मग नेत्रावळी

पहाटे साडेपाचला निघायचं. मोले ते तांबडी सुर्ला बारा-तेरा किलोमीटर, आणि इलेक्ट्रिक गाडीचा खरा फायदा याच रस्त्यावर कळतो, धोकाही इथेच. गव्याला डिझेलची गाडी अर्ध्या किलोमीटरवरून ऐकू येते आणि तो आपसूक बाजूला होतो. या गाडीची चाहूल त्याला लागत नाही. वळणावर ती एकदम समोर आली की तो बुजतो, आणि बुजलेला सात-आठशे किलोचा गवा कुठल्या बाजूला वळेल याचा नेम नाही. म्हणून रानातल्या वळणांवर वेग वीस, दिवे लो बीमवर, आणि गवा दिसला की पन्नास मीटरवर थांबायचं. हॉर्न नाही, पुढे सरकणं नाही. त्याला गाडी नीट बघू द्यायची. तो चालू लागला की दोन मिनिटं आणखी थांबायचं, कारण मागे कळप असतो.

तांबडी सुर्ल्याचं कदंबकालीन महादेवाचं देऊळ आणि मागचा ओढा. ओढ्यावर निळ्या कानाचा खंड्या बघायला लोक लांबून येतात. गाडी लावताना ती आधीच परतीच्या तोंडाने उभी करावी. मालवाहू गाडीचा रिव्हर्सचा टूं-टूं आवाज पहाटेच्या शांततेत ओढ्यापलीकडे जातो, आणि इंजिन नसल्यामुळे तो एकटाच ऐकू येतो. दार आपटायचं नाही, कडीत हात घालून ओढून लावायचं. चावी बंद केल्यावर गाडीतून एकदा खट् आवाज येतो, हा उच्च दाबाचा कॉन्टॅक्टर, म्हणजे मोठी बॅटरी गाडीला जोडणारा स्विच, सुटल्याचा. त्यानंतर पंखा किंवा पंप मिनिटभर घुमत राहतो. तो थांबल्यावर पंधरा मिनिटं गाडीतच बसावं. पाखरं परत आली की उतरावं.

बसायची जागा वाऱ्यावर ठरते. जानेवारीत सह्याद्रीवरची थंड हवा सकाळी खाली उतरते, म्हणजे वारा पूर्वेकडून. दहा-अकरानंतर समुद्रावरचा वारा सुरू होतो आणि दिशा उलटते. म्हणून सकाळी पाणवठ्याच्या पश्चिमेला बसायचं, दुपारी पूर्वेला. इलेक्ट्रिक गाडीला धुराचा आणि डिझेलचा वास नसतो, पण माणसाचा असतोच. जनावराला तेवढा पुरतो.

आता १२ व्होल्टच्या बॅटरीबद्दल सविस्तर, कारण रानात इलेक्ट्रिक गाडी बंद पडते ती बहुतेक वेळा हिच्यामुळे. मोठ्या बॅटरीत अठरा युनिट शिल्लक आणि तरी गाडी उठत नाही, हे ऐकायला विचित्र वाटतं. पण मोठी बॅटरी गाडीला जोडणारा कॉन्टॅक्टर चालतो छोट्या १२ व्होल्टवर. चावी अर्धी फिरवून, गाडी चालायला तयार असल्याचा ‘रेडी’ दिवा न लावता पंखा, पार्किंग दिवे आणि मोबाइल चार्जर चालू ठेवले की सगळा भार छोटीवर येतो आणि तिला भरायला कोणीच नसतं. सहा-सात अँपिअर भार असेल तर अडीच-तीन तासांत ती इतकी उतरते की कॉन्टॅक्टर ओढला जात नाही. इन्व्हर्टर लावून कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या भरत बसलं तर त्याहून लवकर. दुसरीकडे ‘रेडी’ ठेवून बसावं तर छोटी भरत राहते, तासाला पाव युनिट जातं एवढंच. पण तेव्हा गाडी जिवंत असते, आणि आवाज नसल्यामुळे ते विसरायला होतं. केबिनमध्ये वळताना पाय पेडलवर पडला तर ती ओढ्यात जाईल. म्हणून बसण्याच्या जागी चावी पूर्ण बंद करून खिशात, आणि कॅमेऱ्यासाठी वेगळी अर्ध्या युनिटची पॉवर बँक. चाकात हवा भरायची तर ‘रेडी’ करून, हँडब्रेक ओढून, न्यूट्रलला. छोटी बॅटरी उतरलीच तर कुठल्याही गाडीच्या १२ व्होल्ट बॅटरीवरून जंपर लावून ‘रेडी’ करता येतं, नंतर तासभर चालवलं की ती सावरते. धक्का मारून मात्र ही गाडी सुरू होत नाही.

मोल्याला परत येऊन कुळे, मग सांगे, तिथून नेत्रावळी. कुळ्याहून दूधसागरला स्वतःची गाडी नेता येत नाही, तिथल्या नोंदणीकृत जीपगाड्यांनीच जावं लागतं. वाटेत ओढे चाकं बुडतील असे आहेत, त्यामुळे हे पिकअपच्याही भल्याचं. सांग्याच्या पुढे रस्ता अरुंद होतो, झाडी दाट. दिवसाचे एकूण ७८ किलोमीटर, चौदा युनिट, काटा ३५ च्या जवळ. आजचा सॉकेट चालला पाहिजे.

आणि आजच गडबड होते. जुन्या घराच्या बोर्डाला केबल लावली की तिच्या डबीवर लाल दिवा लागतो आणि चार्जिंग सुरूच होत नाही. फेज-न्यूट्रल २२२, फेज-अर्थ ६०-७०. म्हणजे तिसऱ्या भोकात तार आहे, पण ती जमिनीपर्यंत पोचत नाही. “भाऊ, हा बोर्ड नवा बसवलाय की जुना?” असं घरमालकाला विचारलं की बहुतेक वेळा कळतं, पंप किंवा फ्रीजसाठी मागच्या बाजूला एक वेगळी लाइन असते आणि तिला खड्डा करून अर्थिंग दिलेलं असतं. २५ मीटरचं एक्स्टेंशन आणतात ते याच रात्रीसाठी. सॉकेटमध्येच न्यूट्रलला अर्थ जोडून लाल दिवा घालवायचा उपाय कोणीतरी सुचवतोच. तो कधीही करू नये. खांबावर न्यूट्रल तुटली तर गाडीच्या पत्र्यालाच फेज येते, आणि सकाळी दवाने ओल्या अंगणात अनवाणी उभं राहून फाळका उघडणाऱ्याचा जीव जातो. कोरडं पडलेलं अर्थिंग असेल तर खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतून पुन्हा मोजावं, उन्हाळ्याकडे झुकलेल्या दिवसांत एवढ्याने पुष्कळदा काम होतं.

संध्याकाळी सात ते दहा गावात सगळ्यांचे दिवे, टीव्ही, मिक्सर चालू असतात आणि व्होल्टेज १९० पर्यंत उतरतं. तेव्हा १२ अँपिअरवर सव्वादोन किलोवॅट मिळतात. दहानंतर २२५ होतं, मग २.७ मिळतात. घराचे दिवे मंद करण्यापेक्षा दहाला लावावं. भिंतीतून साडेपंधरा युनिट लागतात, पहाटे चारला काम होतं. लावण्याआधी आणि काढल्यावर मीटरचा आकडा घरमालकासमोर कागदावर लिहावा आणि पैसे त्याच्या दरापेक्षा थोडे जास्तच द्यावेत. पुढच्या वेळी याच माणसाकडे यायचं असतं.

दिवस तिसरा: नेत्रावळी, करमल घाट, खोतीगाव

सकाळी केबल काढताना चार्जिंगचं झाकण नीट बघावं. सांग्याच्या बाजूची लाल धूळ पिठासारखी बारीक असते. रात्री दव पडलं की झाकणाच्या रबराच्या कडेला तिची तांबडी पेस्ट होते आणि पिनेच्या भोवतीच्या खोबणीत जाऊन बसते. वाळली की विटकरी पापुद्रा. तो तसाच ठेवून प्लग दाबला की पीन पूर्ण टेकत नाही, त्या जागी रोध वाढतो, उष्णता होते आणि काही दिवसांनी पिनेवर काळा डाग दिसतो. कोरड्या ब्रशने झटकायचं, फुंकर मारायची नाही, कारण फुंकरीत ओल असते. पाण्याने पुसणं तर नकोच. चार्जिंग चालू असताना केबलचा सांधा जमिनीवर न ठेवता विटेवर किंवा उलट्या टोपलीवर ठेवावा. आणि बॉनेट किंवा सीटखाली उंदराच्या लेंड्या दिसतात का बघावं. हौद्यातल्या शेंगदाण्यांसाठी आलेला उंदीर वायरीही कुरतडतो.

नेत्रावळी अभयारण्य २११ चौरस किलोमीटरचं, १९९९ मध्ये जाहीर झालेलं. सावरी धबधब्याकडे चालत जायचं, गाडी खाली. गोपीनाथाच्या देवळाजवळची बुडबुड्यांची तळी वाटेवरच आहे. दुपारी केपे, बाळ्ळी आणि करमल घाटातून काणकोण. साठ-पासष्ट किलोमीटर, बारा युनिट. घाटात मागे मोठ्या गाड्यांची रांग लागते, तेव्हा जागा मिळेल तिथे डावीकडे थांबून त्यांना जाऊ द्यावं. उतारावर रीजन पूर्ण ठेवावं, पण ओल्या सावलीतल्या वळणावर पेडल एकदम सोडू नये. रीजन फक्त मागची चाकं धरतं आणि हौदा हलका असला की मागचा भाग सरकतो.

मुक्काम काणकोणातल्या चावडी किंवा पैंगीण या गावांच्या बाजूला. काटा ४४ वर. रात्री लाइट गेली तर? काही चार्जर वीज परतल्यावर आपोआप सुरू होतात, काहींना प्लग काढून पुन्हा लावावा लागतो. आपला कुठल्या प्रकारचा आहे हे घरीच मेन स्विच बंद-चालू करून बघून ठेवलं नसेल, तर पहाटे उठून दिवा बघण्याशिवाय इलाज नाही. रात्रभर वीज आली नाही तर ४४ टक्क्यांत मडगाव गाठता येतं, पण राखीव वीस टक्के खर्चून. म्हणून तेव्हा थांबावं. सकाळी दोन तास मिळाले की पाच युनिट आत जातात आणि प्रश्न सुटतो.

दिवस चौथा: खोतीगाव, मडगाव

खोतीगाव १९६८ पासूनचं अभयारण्य, ८६ चौरस किलोमीटर, तळपण नदीच्या खोऱ्यातलं. आत वेळीप आणि कुणबी लोकांच्या वाड्या आहेत, तेव्हा रस्ता त्यांचा आधी. गुरं, मुलं, सायकली यांनाही ही गाडी ऐकू येत नाही. पाणवठ्यावरच्या मचाणावर सकाळी बसावं. फार जनावरं दिसतील अशी आशा धरू नये. दाट रान आहे, भेकराचं भुंकणं आणि सांबराचे खूर हेच जास्त.

वाटेच्या कडेला, ढोपराएवढ्या उंचीवर, क्लचच्या किंवा ब्रेकच्या तारेचा फास झुडपाला बांधलेला दिसला तर तो रानडुकरासाठी किंवा पिसोरी हरणासाठी लावलेली फासकी आहे. तिला हात लावायचा नाही, काढून गाडीत तर मुळीच टाकायची नाही. हौद्यात फासकी सापडली तर खुलासा आपल्यालाच करावा लागतो. दुरून फोटो, मोबाइलवर जागेची नोंद, आणि परतताना गेटवरच्या वनरक्षकाला लगेच सांगायचं. एकीच्या आसपास बहुधा आणखी असतात, त्यांना त्या वाटेनेच शोधाव्या लागतात, म्हणून जागा नेमकी द्या: कुठला मैलाचा दगड, रस्त्याच्या कुठल्या अंगाला, किती पावलं आत.

मडगावपर्यंत पंचेचाळीसेक किलोमीटर. तिथे डीसी चार्जर मिळतो, पण २० ते ८० व्हायला या गाडीला पावणेदोन तास लागतात, म्हणून जेवणाची वेळ तिथेच साधावी. घरी आल्यावर गाडी धुताना प्रेशरचा फवारा चार्जिंगच्या झाकणावर आणि खालच्या नारिंगी केबलींच्या जोडांवर मारू नये. आधी चाकांच्या आतल्या बाजूची लाल माती काढावी, ब्रेकच्या ड्रमजवळ ती साचून दगडासारखी होते. मग हौदा रिकामा करून कोपऱ्यातली पाण्याची भोकं खिळ्याने मोकळी करावीत. चार दिवसांचा पाला नेमका तिथेच अडकलेला असतो.